उजवीकडे बंद

सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी चावीवाल्याने पाच-दोनशे सतरा क्रमांकाचा व्हॉल्व्ह उजवीकडे अठरा फेरे फिरवला. त्या वेळी पुढच्या पाईपमध्ये तीन माणसे काम करत होती.

चावीवाला नवा होता, पण निष्काळजी नव्हता. चेंबरचे झाकण उचलण्याआधी त्याने टॅबवर नकाशा उघडला आणि व्हॉल्व्हच्या ठिपक्यावर बोट ठेवले. व्यास, खोली, बसवल्याचे वर्ष, आणि शेवटच्या ओळीत बंद करण्याची दिशा: उजवीकडे. पाणीपुरवठा खात्यात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह आहेत. बहुतेक उजवीकडे फिरवले की बंद होतात. काही जुने मात्र डावीकडे फिरवले की बंद होतात. वरून पाहून दोघांतला फरक कळत नाही. ज्याने पूर्वी फिरवला आहे त्याला माहीत असतो, नाहीतर कुठेतरी लिहिलेला असावा लागतो.

मुकादमाचा निरोप साधा होता. बंद व्हॉल्व्हमधून बोटभर पाणी झिरपते आहे, जोड ओला होतो, वेल्डिंग धरत नाही. जरा आवळून घे. चावीवाल्याने आवळले. पहिले दोन फेरे जड गेले, मग चावी हलकी झाली. खालून घरघर ऐकू येऊ लागली. व्हॉल्व्ह मिटत आला की आवाज येतो, हे त्याला शिकवलेले होते. आवळायला अठरा फेरे लागले, म्हणजे सोमवारी कुणीतरी अर्धवटच बंद करून गेला, असे वाटून त्याला थोडा रागही आला. त्याने टॅबवर ‘बंद’ अशी नोंद केली आणि झाकण लावले.

सोमवारी तो व्हॉल्व्ह एका जुन्या चावीवाल्याने पूर्ण बंद केला होता. त्याने टॅब उघडलाच नव्हता. आज तो रजेवर होता.

पाईप दीड मीटर व्यासाचा. मॅनहोलपासून तो पुढे उतरत जातो, नाल्याखालून जातो, मग पलीकडे हळूहळू चढतो. गळका जोड चढावर होता, मॅनहोलपासून दोनशे साठ मीटर आत. आत फोन लागत नाही. म्हणून या लोकांची एक जुनी रीत आहे: पाईपवर हातोडीचे ठोके. एक ठोका म्हणजे सामान पाठवा. दोन म्हणजे वीज बंद करा. तीन म्हणजे सगळे बाहेर. ज्याला ठोके ऐकू येतील त्याने तेवढेच ठोके परत द्यायचे.

दहा सत्तेचाळीसला मुकादमाला मॅनहोलच्या तळाशी पाण्याचा वेगळा आवाज आला. त्याने वाकून पाहिले आणि तीन ठोके दिले. आत ग्राइंडर चालू होता. कुणाला ऐकू गेले नाही. त्याने जनरेटर बंद केला, पुन्हा तीन ठोके दिले. केबल सांभाळणारा नाल्याच्या अलीकडेच होता. तो मांडीपर्यंत भिजून वर आला. पलीकडून तीन ठोके परत आले, म्हणजे दोघे निघाले होते. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तीन, पण लांबून, जोडाच्या बाजूने. ते परत मागे गेले होते. नाल्याखालच्या भागात तोवर छातीएवढे पाणी झाले होते आणि ओढ त्यांच्या अंगावर होती.

दहा एक्कावन्नला जीआयएस कक्षातला फोन वाजला.

कक्ष म्हणजे खात्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी जिथे कागदी नकाशांची कपाटे होती ती खोली. कपाटे गेली, त्यांच्या पायांचे चौकोनी डाग फरशीवर राहिले. तीन टेबले, पाच पडदे, आणि भिंतीवर एक मोठा पडदा. त्यावर सगळ्या शहराचे पाईप निळ्या रेघांनी आणि व्हॉल्व्ह हिरव्या ठिपक्यांनी दिसतात. फोन घेणारी बाई तिथली तांत्रिक सहायक. ती सहा वर्षांपासून हा नकाशा भरते आहे.

“ताई, पाच-दोनशे सतरा तुमच्याकडे काय दाखवतोय?” मुकादमाने विचारले.

“बंद. नऊ मिनिटांपूर्वीची नोंद आहे. अठरा फेरे.”

“मग एवढं पाणी येतंय कुठून?”

“केवढं?”

“बोटभर होतं, ते शिडीच्या दुसऱ्या पायरीला लागलं. त्याने आवळला आणि वाढलं. एकाला वर घेतलंय. दोघं पलीकडे आहेत.”

“दोघं कोण?”

“गॅस कटरवाला,” तो म्हणाला, “आणि लांब्या.”

लांब्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वय चौतीस, उंची सहा फूट दोन इंच, धंदा वेल्डिंग. दीड मीटरच्या पाईपमध्ये दिवसभर कमरेत वाकून काम करणारा माणूस एवढा उंच असावा, यावर कामावर रोज एक तरी विनोद होत असे. सकाळी साडेआठला त्याने तिला फोन केला होता. “ताई, आत उतरतोय. तुझ्या नकाशात दिसेन का?” ती म्हणाली होती, “तू मला नकाशात नको. आईला रात्री जेवायला येतोस की नाही ते कळव, ती माझं डोकं खाते.”

तिने पडद्यावर पाच-दोनशे सतराची ओळ उघडली. चावीवाल्याच्या टॅबवर दिसत नाही असा एक रकाना तिच्या पडद्यावर असतो: माहिती कुठून आली. व्यासासमोर ‘कागदावरून’ होते. जागेसमोर ‘मोजलेले’. दिशेसमोर ‘सरसकट’.

हा शब्द तिचाच होता.

दोन वर्षांपूर्वी नकाशा नव्या प्रणालीत घालायचा होता. नवी प्रणाली रिकामा रकाना स्वीकारत नव्हती. एक जरी जागा मोकळी असली तरी अख्खी ओळ परत पाठवत होती. महिनाअखेरीला वरिष्ठांपुढे सादरीकरण होते आणि किती माहिती भरून झाली हे दाखवणारा भिंतीवरचा आकडा कक्षप्रमुखांना शंभर टक्के हवा होता. दिशा हा रकाना सर्वांत रिकामा. ती माहिती कुठल्याही कागदावर नव्हती. ती तिच्या वडिलांच्या वह्यांत होती.

वडील बत्तीस वर्षे चावीवाले होते. प्रत्येक विभागाची एक वही. प्रत्येक व्हॉल्व्हची जागा दोन पक्क्या खुणांपासून पावलांत लिहिलेली, आणि उलटा फिरणारा असला की समासात लाल पेन्सिलीचा ठिपका. पहिल्या चार विभागांच्या वह्या तिने एकेक करून नेल्या, भरल्या, परत दिल्या. पाचवी राहिली. सादरीकरणाच्या आदल्या दुपारी तिने पाचव्या विभागातले तीनशे बारा व्हॉल्व्ह एकदम निवडले आणि दिशेच्या रकान्यात ‘उजवीकडे’ भरले. पुढे दुरुस्त करताना सापडावे म्हणून शेजारी ‘सरसकट’ लिहिले. ओळी स्वीकारल्या गेल्या. आकडा शंभर झाला. मग मालमत्तांचे मोजमाप आले, मग गळतीचे सर्वेक्षण आले. वही घरीच राहिली.

दहा त्रेपन्नला तिने घरी फोन लावला. सात वेळा वाजला.

“बाबा, पाचवी वही काढा.”

“आत्ता? तुझी आई म्हणते—”

“आत्ता. पाच-दोनशे सतरा. दिशा हवी आहे.”

“शाळेच्या अलीकडचा ना? त्याला वही कशाला लागते. उलटा आहे तो. ती अख्खी लाईन उलटी आहे.”

“नक्की?”

“अगं, बावीस वर्षं फिरवलाय.” मग त्यांचा आवाज बदलला. “का? कुणी उजवीकडे फिरवला?”

“हो.”

“तिथे वेल्डिंग चालू आहे ना? धाकटा तिथेच आहे ना?”

“वही काढून ठेवा, बाबा. मी परत फोन करते.”

त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही.

दहा छप्पन्नला तिने चावीवाल्याला जोडून घेतले. उपअभियंता जागेवर पोहोचला होता. तोही त्याच फोनवर आला.

“डावीकडे फिरवा. पूर्ण.”

“मॅडम, टॅबवर उजवीकडे लिहिलंय,” चावीवाला म्हणाला.

“ते मीच लिहिलंय. चूक आहे.”

“एक मिनिट,” उपअभियंता म्हणाला. “हे चुकलं तर आपण स्वतः आणखी पाणी सोडतोय. खात्री काय?”

“साहेब, सोमवारी तो बंद होता. आज बंद करायला अठरा फेरे लागले. बंद दार आणखी अठरा वेळा बंद होत नाही. तो उघडलाय.”

मग उपअभियंता म्हणाला, “फिरव.”

तिला फोनवर लोखंडी चावीचा कुरकुर आवाज ऐकू येत होता आणि चावीवाला मोठ्याने फेरे मोजत होता. सातव्या फेऱ्याला त्याचा आवाज फाटला, पण मोजणे थांबले नाही. पंधराव्याला चावी अडली. त्याने जोर लावला, मुकादमाने एक माणूस पाठवला, दोघांनी लावला. सोळावा फेरा झाला नाही. काहीतरी आत अडकले होते: गाळ, दगड, लाकडाचा तुकडा. अकरा वाजून सात मिनिटांनी व्हॉल्व्ह बंद होता, तीन फेरे सोडून.

तीन फेऱ्यांएवढे पाणी येतच होते.

मुकादमाने मॅनहोलच्या शिडीवर खडूने रेघ मारली. दहा मिनिटांत पाणी रेघेच्या चार बोटे वर गेले. नाल्याखालचा भाग काठोकाठ भरला होता. पलीकडे चढावर दोघांपुढे फक्त वरची बाजू उरली होती. वर म्हणजे पाईपचा माथा, आणि पुढे तो पुन्हा खाली उतरतो, तिकडे आधीचेच पाणी साचलेले. पाणी उपसायचा पंप मागवला होता. तो यायला चाळीस मिनिटे आणि उपसायला दोन तास.

अकरा चौदाला कक्षप्रमुख खोलीत आले. त्यांनी दार लावून घेतले.

“जागेवरून कळलं मला. तुम्ही त्या ओळीत अजून काही बदल केलेला नाही ना?”

“नाही.”

“करू नका. चौकशी होईल. जसं आहे तसं राहू द्या, नाहीतर उद्या म्हणतील पुरावा पुसला.”

“सर, अशाच तीनशे बारा ओळी आहेत. आज कुणीही, कुठेही फिरवेल.”

“तीनशे बारा?” त्यांनी भिंतीकडे पाहिले. तिथे आकडा होता, शंभर टक्के, हिरव्या अक्षरांत. “हे मला कधी सांगितलंत?”

“तेव्हाच सांगितलं होतं, सर. तुम्ही म्हणालात, नंतर बघू.”

“मी म्हणालो? लेखी आहे?”

तिने ओळी बदलल्या नाहीत. तिने पाचव्या विभागातल्या ‘सरसकट’ लिहिलेल्या सगळ्या ठिपक्यांचा रंग बदलून लाल केला आणि चावीवाल्यांच्या चौदा टॅबना संदेश पाठवला: लाल ठिपका असलेला व्हॉल्व्ह पुढची सूचना मिळेपर्यंत फिरवू नये. दिशा तपासलेली नाही. खाली स्वतःचे पद लिहिले. अकरा एकवीस. भिंतीवरचा मोठा पडदा एका कोपऱ्यात गोवर आल्यासारखा लाल झाला. कक्षप्रमुख ते बघत उभे राहिले, मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि हळू म्हणाले, “भावाचं काय?”

फोन वाजला. उपअभियंता होता.

“माथ्यावर एक एअर व्हॉल्व्ह असणार. पाच-बत्तीस. त्याचं चेंबर सापडलं तर आपण सरळ पाईपच्या डोक्यावर उतरतो आणि वरून भोक पाडतो. चेंबर नाही सापडलं तर तीन मीटर माती आहे, म्हणजे दीड तास. तुमचा ठिपका मी खडूने रस्त्यावर काढलाय, पण झाकण दिसत नाही. दोनदा डांबर पडलंय इथे. खणू?”

तिने पाच-बत्तीसची ओळ उघडली. जागेसमोर लिहिले होते ‘कागदावरून’.

“थांबा,” ती म्हणाली.

“कशासाठी? जेसीबी उभा आहे.”

“ही जागा कुणी मोजलेली नाही. जुन्या कागदावरून उचललीय. आणि तुमच्या खडूपासून मीटरभरावर विजेची मोठी केबल आहे. वीज मंडळाच्या नकाशात दिसतेय मला. वीस मिनिटं द्या.”

“वीस मिनिटांत इथे आठ बोटं पाणी चढेल.”

“माहीत आहे.”

“पंधरा,” उपअभियंता म्हणाला.

बाबांनी पहिल्याच घंटेला फोन उचलला. वही उघडी होती. पाने उलटल्याचा आवाज आला.

“पाच-बत्तीस, हवेचा. शाळेच्या कुंपणाचा रस्त्याकडचा कोपरा, अडतीस पावलं. ट्रान्सफॉर्मरचा ओटा, बावन्न पावलं. अकरा वर्षांपूर्वीची नोंद.”

“तुमचं पाऊल केवढं होतं, बाबा?”

“पाऊल म्हणजे पाऊल.”

“सेंटीमीटरमध्ये.”

“कधी मोजलं नाही. ते मोजायला लागू नये म्हणून तर पावलं टाकत होतो. मी येतो, चालून दाखवतो.”

“तुमचा गुडघा बदललाय. आताचं पाऊल वेगळं आहे.”

मागून आईचा आवाज आला. “कुणाचं पाऊल? हा माणूस भाजीला गेला तरी मोजत जातो. काय झालंय? एवढ्या मोठ्याने का बोलताय?”

“ऑफिसचं काम आहे,” बाबा म्हणाले. मग फोनमध्ये, अगदी सपाट आवाजात: “तुझ्याकडे बाकीच्या वह्या भरलेल्या आहेत. त्यातले जे तू यंत्राने मोजलेस, त्यावरून माझं पाऊल काढ.”

तिचा हात त्याआधीच त्या कामाला लागला होता. पहिल्या चार विभागांत त्रेचाळीस व्हॉल्व्ह असे होते, ज्यांची पावले वहीत होती आणि जागा तिने स्वतः यंत्र घेऊन, चेंबरवर उभी राहून मोजलेली होती. त्रेचाळीस वेळा मीटर भागिले पावले. आकडे खाली उतरत गेले: एकाहत्तर, सत्तर, एकाहत्तर, बाहत्तर, एकाहत्तर. बत्तीस वर्षांत, चढावर आणि उतारावर, उन्हात आणि चिखलात, तिच्या बापाचे पाऊल दोन सेंटीमीटरच्या वर हलले नव्हते.

एकाहत्तर. म्हणजे कोपऱ्यापासून सव्वीस मीटर अठ्ठ्याण्णव, ओट्यापासून छत्तीस मीटर ब्याण्णव. तिने दोन वर्तुळे काढली. ती दोन ठिकाणी एकमेकांना छेदत होती. एक जागा शाळेच्या मैदानात, दुसरी रस्त्यात. पण रस्त्यातली जागा पाईपच्या रेघेवर पडत नव्हती. अडीच मीटर बाजूला पडत होती.

ती पाहत राहिली. काहीतरी चुकत होते. पाऊल चुकत नव्हते.

“बाबा, शाळेचं कुंपण तेव्हा इथेच होतं?”

“कुंपण म्हणजे जुनं, दगडी.”

“आता विटांचं आहे.”

“मग नवं आहे. रस्ता रुंद केला तेव्हा पाडलं असेल. मी निवृत्त झालो होतो.”

खात्याकडे दर दोन-तीन वर्षांनी विमानातून घेतलेली छायाचित्रे येतात. ती कुणी फारशी उघडत नाही. तिने बारा वर्षांपूर्वीचे चित्र आजच्या नकाशाखाली घातले. दगडी कुंपण फिकट रेघेसारखे दिसले आणि त्याचा कोपरा आजच्या कोपऱ्यापासून दोन मीटर चाळीस रस्त्याकडे होता. तिने पहिले वर्तुळ उचलून तिथे ठेवले. छेद सरकला आणि पाईपच्या रेघेवर आला. खडूच्या खुणेपासून सहा मीटर वीस. केबलपासून सात.

अकरा एकेचाळीस.

“साहेब, खडूच्या खुणेपासून शाळेच्या दिशेला, पाईपच्या रेघेवरूनच, सहा मीटर वीस. तिथे खणा. चेंबरचं छत असेल.”

“सकाळी तुमच्या नकाशावर एकदा विश्वास ठेवला आपण,” उपअभियंता म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण बोलायचे ते त्याने गिळलेही नाही.

“तो आकडा भरलेला होता, साहेब. हा मोजलेला आहे.”

मागे जेसीबीचा आवाज वाढला. कक्षप्रमुखांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. ती प्यायली नाही. मुकादम दर पाच मिनिटांनी शिडीवरची रेघ सांगत होता. नऊ बोटे. दहा. साडेदहा. रेघ सांगितली की तो पाईपवर तीन ठोके देत होता. अकरा पस्तीसपर्यंत पलीकडून उत्तर येत होते. त्यानंतर आले नव्हते. पाण्याने भरलेल्या पाईपातून ठोका पोहोचतो की विरतो, याबद्दल जागेवर दोन मते होती. ज्याचे मत वाईट होते, त्याला मुकादमाने गप्प बसवले.

अकरा अठ्ठावन्नला बकेटचे दात कशावर तरी खरवडले. जेसीबी थांबला. दोन माणसे हाताने माती काढू लागली. चाळीस सेंटीमीटरवर सिमेंटची फरशी लागली, तिच्या कडेला जुन्या झाकणाची गंजकी कडी. वहीतल्या जागेपासून अंतर, उपअभियंत्याने नंतर टेपने मोजले तेव्हा, एकोणतीस सेंटीमीटर.

“सापडलं,” तो फोनवर म्हणाला.

फरशी फोडायला नऊ मिनिटे लागली. चेंबर कमरेएवढ्या गाळाने भरले होते. तो उपसून पाईपची पाठ उघडी केली. एअर व्हॉल्व्ह गंजून बसला होता. हवा सोडत नव्हता. आत साचलेली हवा जर कुठे राहिली असेल तर त्यामुळेच राहिली असेल, असे उपअभियंत्याने मुकादमाला सांगितले. वरून भोक पाडायला गॅस कटर हवा होता. जागेवरचा गॅस कटर आणि तो चालवणारा, दोघेही आत होते. दुसरा वर्कशॉपमधून निघाला होता.

बारा वाजून बारा मिनिटांनी शेजाऱ्याच्या स्कूटरवरून बाबा तिथे पोहोचले. कुणी बोलावले नव्हते. हातात काठी, काखेत वही. मुकादम त्यांना ओळखत होता. त्याने त्यांच्या हाताखालीच काम शिकले होते.

“काका, तुम्ही वर बसा,” तो म्हणाला.

“हातोडी दे,” बाबा म्हणाले.

दोघांनी धरून त्यांना चेंबरमध्ये उतरवले. मुकादमाने फोन खिशात न ठेवता चेंबरच्या काठावर ठेवला, पडदा वर करून, जेणेकरून दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ऐकू यावे. तिने आपल्या फोनचा आवाज पूर्ण वाढवला. कक्षप्रमुखांनी पंखा बंद केला.

तिच्या मोबाईलवर आईचा फोन आला. थरथरत तो टेबलावर थोडा सरकला आणि थांबला. मग परत आला. तिने तो उपडा ठेवला.

तीन ठोके. बाबांनी दिले, सावकाश, मध्ये सारखे अंतर ठेवून.

काही नाही.

पुन्हा तीन.

“सगळे गप्प राहा,” मुकादम कुणालातरी म्हणाला. “ते इंजिन बंद कर की रे.”

जेसीबी बंद झाला. रस्त्यावर कुठेतरी एक गाडी हॉर्न वाजवत होती, तीही थांबली. बाबांनी काठी बाजूला ठेवली, गाळात गुडघा टेकवला, जो टेकवू नये असे डॉक्टरांनी सांगितले होते तो, आणि कान पाईपला लावला. पुन्हा तीन ठोके दिले.

बारा एकोणीसला आतून ठोका आला. जागेवर उभ्या असलेल्या सहा जणांनी तो ऐकला. दुसऱ्या मजल्यावरही ऐकू आला, पण तिला वाटले बाबांचाच असेल.

“आला,” बाबा म्हणाले.

“किती?” तिने विचारले.

“एक.”

“एकच?”

“एकच.”

सगळे बाहेर यावेत म्हणून तीन ठोके द्यायचे आणि तीनच परत यायचे, ही रीत. एक म्हणजे सामान पाठवा. मुकादमाने ते पुटपुटून सांगितले, जणू तिला माहीत नव्हते. दोघांपैकी कुणी ठोकले, दुसरा त्याच्याजवळ आहे की नाही, आणि बाकीचे दोन ठोके का आले नाहीत, हे कळायला मार्ग नव्हता.

“त्याला हाक मारू का?” मुकादमाने विचारले.

“ऐकू नाही जाणार,” बाबा म्हणाले. पण त्यांनी मारली. घरातल्या नावाने, एकदा.

बारा चोवीसला वर्कशॉपचा गॅस कटर आला. साठ सेंटीमीटरचे वर्तुळ खडूने पाईपच्या पाठीवर काढले गेले. बाबांना वर घेतले. ते वर यायला तयार नव्हते. उपअभियंत्याने त्यांना सांगितले की चेंबरमध्ये कटरवाल्याबरोबर आणखी कुणाला जागा नाही, तेव्हा आले. बारा सव्वीसला ज्योत लागली. पाईपचा पत्रा बारा मिलीमीटर जाड आहे.

जीआयएस कक्षात तिने पाच-दोनशे सतराची ओळ अजून बदललेली नाही. पाच-बत्तीसची बदलली आहे: जागेसमोरचे ‘कागदावरून’ खोडून ‘मोजलेले’ लिहिले आहे, आणि कुणी मोजले या रकान्यात बाबांचे पद.

बारा चौतीसला वर्तुळाचा दोन तृतीयांश भाग कापून झाला होता. कापलेल्या फटीतून हवा बाहेर येत होती, पाणी अजून नाही, म्हणजे माथ्याखाली थोडी जागा अजून कोरडी होती. मॅनहोलच्या शिडीवर रेघेच्या वर तेरा बोटे. बारा एकोणीसनंतर आतून दुसरा ठोका आलेला नाही.